उजव्या हातच्या बांगड्या

उद्या लोणावळ्याला माझ्या बोटाचं ऑपरेशन. सकाळी जायचं, दुपारी घरी. उजव्या हाताचं मधलं बोट वाकलं की तसंच अडकून बसतं, डाव्यानं ओढून सोडवावं लागतं. थापताना अडकलं की भाकरीला भोक. गड उतरून लोक लोहगडवाडीत माझ्या भाकरीला थांबतात. भोकाची भाकरी मी कुणापुढं ठेवणार नाही. म्हणून ऑपरेशनला मी हो म्हटलं.

नखं कापली. अडलं ते बांगड्यांवर. डॉक्टर म्हणालेले, हात कोपरापर्यंत मोकळा पाहिजे.

सून रंजना पक्कड घेऊन आली. "आत्या, फोडूया. नंतर नव्या भरू."

"ठेव ती पक्कड. नवरा हाय माझा. त्यो बघ, भिंतीला टेकून चहा पितोय."

म्हातारा म्हणाला, "मी काय तुझ्या काचंवर जगतोय व्हय?"

"न्हाई, माझ्या भाकरीवर."

त्यानं बशी तोंडाला लावली.

साबण लावून ओढलं. पंजा सुजलेला, बांगडी अंगठ्याच्या हाडाशीच थांबायची. मी सांगून टाकलं, निघाल्या तर जाईन, फोडून जाणार न्हाई. लेकानं, उमेशनं, कपाळावर हात मारला आणि गाडी काढून पवनानगरला गेला. ताजूला आणायला.

ताजुन्निसा बांगडीवाली. माझ्या लग्नात तिच्या सासूबरोबर टोपली घेऊन वाडीवर आलेली, माझ्याएवढीच पोर, तिचंही नुकतंच लगीन झालेलं. परक्या हातात तिनं पहिली बांगडी भरली ती माझ्याच. भरता भरता फुटली, मनगटातून रक्त आलं. मी रडले नाही, ती रडली. मग दर सणाला चढण चढून यायची. आम्ही बाया ओटीवर तिच्याभोवती बसायचो. माझं माहेर बेडसे, तिथंही तिची टोपली फिरायची, म्हणून आईची खबर तीच आणायची. हात तिच्या हातात आणि जीव सगळा कानात. बांगडी कधी चढली ते कळायचं नाही. आता पोरी डब्यातल्या विकत आणतात आणि फोन बघत घालतात.

ताजू उंबऱ्यातच म्हणाली, "वाळलीस गं सावित्रे."

"आन् तुजे दात कुटं गेले?"

"चण्यासंगं."

माझा हात तिनं मांडीवर घेतला. "ढिला सोड."

"सोडलाय."

"लग्नापास्नं हेच खोटं बोलतीस." अंगठा तळव्यात दुमडत ती बोलत राहिली. "तुज्या आईचा पंजा असाच रुंद. बांगडी भरताना मला इचारायची, माझी सावी हसती का गं तितं? मी म्हनायची, हसती, लय हसती. तवा तू हसत न्हवतीस..."

हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. मी तिचं तोंड बघत राहिले, तेवढ्यात पहिली बांगडी सुटली. ती तिनं खाली ठेवलीच नाही, सरळ माझ्या डाव्या हातात चढवली.

"उजव्याचं माप डाव्यात जातं. अंगावरनं उतरली न्हाई, झालं?"

एकेक करून सगळ्या डाव्या हातावर गेल्या, कोपराकडं दाटी झाली. उजवं मनगट उघडं पडलं. बांगड्यांखाली एक बारीक पांढरी रेघ होती. आम्ही दोघींनी बघितली.

"ही माजीच," ताजू म्हणाली.

"मग कुणाची?"

"टाके निघाले की वाट वाकडी करून माज्याकडं ये. भरीन परत."

"फोडलीस तर बघ."

"फुटली तर फुटली. आता न्हाई रडायची."

रंजनानं पक्कड उचलून आत नेली आणि ताजूसाठी चहाचं आधण ठेवलं.