तनीच्या वेळचा डोसा

मार्गळी महिना, म्हणजे चेन्नईचा डिसेंबरातला गाण्यांचा हंगाम, लागायच्या आधीच आमच्या मैलापुरात कार्यक्रमांची पुस्तिका येते, आणि मी लाल पेन्सिल घेऊन बसते. सकाळी कुणाचं गाणं, संध्याकाळी कुठल्या सभेच्या, म्हणजे संगीत मंडळाच्या, हॉलवर जायचं, मधे कुठल्या कॅन्टीनला काय खायचं, सगळं समासात. राग मी तीन सुरांत ओळखते. उगाच सांगत नाही, कुणालाही विचारा.

त्या वर्षी मी सभेच्या कॅन्टीनमध्ये अशीच खुणा करत बसले होते, तेवढ्यात तिथला आचारी पट्टाभी हात पुसत टेबलाशी आला.

"मामी, एक खूण माझ्यासाठी करा. येत्या सव्वीसला, दुपारी दीड. माझी लेक अलमेलू मृदंगावर आहे. पहिल्यांदाच."

"अरे वा! येणारच की."

"याल हो. पण तनीला उठाल."

खोटं नव्हतं ते. मुख्य राग गाऊन झाला की गायक थांबतो आणि मृदंग एकटा वाजतो, ती तनी. तेवढ्यात आम्ही सगळे कॅन्टीन गाठतो, नंतर रांग लागते म्हणून. पट्टाभीकडे हॉलमधलं गाणं ऐकू येणारा स्पीकर आहे. मृदंग एकटा पडला की हा तवा तापवतो. तीस वर्षांत मी एकही तनी बसून ऐकली नव्हती.

"तुझ्या डोशाचाच दोष तो," मी म्हणाले.

तो हसला नाही. "आठ वर्षं शिकली पोर, मामी. रिकाम्या खुर्च्यांना ऐकवायला?"

सव्वीसला साठेक माणसं होती. कल्याणी राग संपला, गायिकेने मान हलवली, अलमेलूने मृदंग जवळ ओढला, आणि सवयीने खुर्च्या करकरल्या. मी खुर्चीचे हात धरून बसून राहिले. दोन मिनिटांत गेलेले सगळे परत!

"चूल बंद!" शेजारचे वैद्यनाथन मामा धुसफुसले. "तो उलथनं घेऊन दारात उभा. म्हणतो, तनी संपल्याशिवाय डोसा नाही. दादागिरी आहे ही!"

"शू! बसा मुकाट्याने."

पोरीने सुरुवात अगदी हळू केली, घरात कुणी झोपलेलं असताना भांडी ठेवावीत तशी. मग चार मात्रांची चाल तीन मात्रांवर वळवली. डाव्या हाताचा घुमारा माझ्या छातीत उमटला. एकदा तर तिने हात वरच धरले, काही वाजवलंच नाही, आणि अख्खा हॉल मांडीवर ताल धरून तिच्याबरोबर समेवर आला. "बेश! बेश!" ओरडले कोण, तर वैद्यनाथन मामा. काय हात होता पोरीचा! मला मात्र लाज वाटली. तीस वर्षं मी अर्धंच गाणं ऐकत आले होते.

गाणं संपल्यावर रांग लागली. पट्टाभीचे डोळे लाल होते. त्याने पीठ फिरवलं, पण नजर हॉलच्या दाराकडेच होती. डोसा उलटताना मधोमध फाटला. पट्टाभीचा डोसा फाटलेला आम्ही कधी पाहिला नव्हता. तो बाजूला टाकायला निघाला.

"टाकू नकोस," वैद्यनाथन मामांनी केळीचं पान पुढे केलं. "तोच दे मला."