डाव्या खांद्याचं माप

"अहो, दोन्ही बाह्या डाव्याच आहेत."

मी शर्ट उजेडात धरला होता. आमचे हे मशीनपाशी बसून सुईत दोरा ओवत होते. उठून आले, शर्ट उलटा केला, सुलटा केला. उजव्या बाहीच्या कफाची चीर मागे असायला हवी, ती ऐटीत पुढे आली होती. यांनी शर्टकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मटकन खुर्चीत बसले आणि हसत सुटले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मलाही आवरेना. खरं तर शर्ट माझ्या बाबांचा होता, ते संध्याकाळी तो घ्यायला येणार होते, आणि त्यांच्या लेखी ही जावयाची परीक्षाच होती. तरी आम्ही हसत होतो.

"अगं, हाताला दुसरं माहीतच नाही," हे म्हणाले. "जन्मभर डावीच लावली."

कपड्यांच्या कंपनीत यांच्या मशीनवर फक्त डावी बाही यायची. उजवी शेजारच्या मशीनवर, कॉलर त्याच्याही पलीकडे. अख्खा शर्ट यांनी कधी शिवलाच नव्हता. पुढे सुपरवायझर झाले, तेव्हा शिवणंही सुटलं आणि दुसऱ्यांच्या डोक्यावर उभं राहून घाई करणं तेवढं उरलं. ती घाई घरीही यायची. बहिणीचं बाळंतपण मी अगदी रंगवून सांगत होते, तर म्हणाले, "शेवटी काय झालं, तेवढं सांग."

मग एक दिवस कामावरून आले आणि पलंगाच्या कडेवर बसले. चहा निवला तरी पायांत बूट तसेच. "काढा ना," म्हटलं. तर म्हणाले, "नाडी सोडवत नाही गं." मी खाली बसून बूट काढले. इतकी घाबरले होते की माझीच बोटं नाडीत अडकत होती. डॉक्टरांनी सगळं तपासलं. दुखणं काही नाही म्हणाले, माणूस आतून दमलाय, आणि हे दमणं झोपून जाणारं नाही.

यांनी नोकरी सोडली. कितीतरी दिवस नुसते खिडकीशी बसून असायचे. मग एका दुपारी उशीचा उसवलेला अभ्रा घेऊन बसले आणि दिवेलागणीपर्यंत तेवढाच शिवत राहिले. इतकं सावकाश शिवणारा माणूस मी पाहिला नव्हता, पण चेहऱ्यावर रंग आला होता. पुढच्या खोलीत मशीन मांडलं. दारावर पाटी लावली, 'एका वेळी एकच कपडा घेतला जाईल.' गल्लीने यथेच्छ चेष्टा करून घेतली. माझी दवाखान्यातली नोकरी होती, त्यावर घर चालत होतं. जरा रखडत, पण चालत होतं.

बाबांना हे मुळीच पटत नव्हतं. ते पोस्टमन होते, आजचं पत्र उद्यावर न टाकणारे. "धडधाकट माणूस घरी बसतो म्हणजे काय?" असं मला विचारायचे, आणि आवाज बरोबर पुढच्या खोलीपर्यंत पोचेल एवढा. त्यातच त्या दिवशी सकाळी कंपनीच्या मॅनेजरचा फोन येऊन गेला होता, आणि मी ते बाबांना सांगून बसले होते. परत या, अख्खा मजला तुमच्या हाताखाली देतो, आज संध्याकाळी काय ते सांगा. हे "बघतो" म्हणाले होते. त्या 'बघतो'ची मला धास्ती होती. पलंगाच्या कडेवरचा तो माणूस मला परत नको होता.

शर्टाचं कापड उरलं होतं हे नशीब. यांनी दुपारभर बसून नवी उजवी बाही कापली. बाबा अर्थातच वेळेआधी हजर.

"झाला का शर्ट?"

"एक बाही राहिलीय, बाबा. दोन्ही डाव्या लागल्या होत्या," यांनी सांगून टाकलं.

बाबा माझ्याकडे वळले. "मग इतकी वर्षं कंपनीत काय करत होते हे?"

"हेच," मी म्हणाले.

यांनी बाबांच्या अंगात तो एका बाहीचा शर्ट चढवला आणि दुसरी बाही टाचून पाहू लागले. टाचली, काढली, खडूने खूण केली, पुन्हा टाचली. बाबांची चुळबुळ सुरू झाली.

"जावईबापू, मॅनेजरला काय सांगणार?"

"ठरवतोय. हात जरा सैल सोडा."

"त्यात ठरवायचं काय? मजला मिळतोय."

"बाबा, तुमचा डावा खांदा खाली उतरलाय."

"उतरणारच. टपालाची पिशवी जन्मभर त्याच खांद्यावर."

"म्हणून तयार शर्ट तुम्हाला तिरका बसतो. कंपनीत दोन्ही खांदे सारखेच कापायचे. घालणारा कोण, ते कुठे दिसायचं आम्हाला? मी तुमच्या दोन्ही खांद्यांचं माप वेगळं घेतलं. डावीकडे आतून कापडाचा एक थर जास्त दिलाय. आता आरशात बघा."

बाबांनी पाहिलं. कॉलर सरळ होती, बटणांची पट्टी सरळ होती. मग शर्ट काढून त्यांनी दोन्ही हातांनी यांच्याकडे दिला.

हे बाही जोडायला बसले आणि फोन वाजला. मॅनेजरच. शिवण काखेच्या गोलाईवर आली होती. यांची मान वर झाली. फोन बाबांच्या हाताशी होता. नुसत्या बनियनवर उभ्या असलेल्या बाबांनी तो उचलला.

"हो, मी त्यांचा सासरा बोलतोय. नाही, ते कामात आहेत. हो, माझंच काम. छे, घाई नाही करता येणार, शिवण वळणावर आहे." मग फोनवर हात ठेवून त्यांनी यांना विचारलं, "काय सांगू?"

यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा काय ते बोलला असणार. यांची नजर पुन्हा सुईवर गेली.

"सांगा, नाही येणार."

"नाही म्हणताहेत," बाबा फोनमध्ये म्हणाले. "विचार करूनच म्हणताहेत."

मला इतका आनंद झाला की उगाचच स्वयंपाकघरात जाऊन आले. "चहा टाकतेस का?" यांनी मागून हाक मारली. "सावकाश टाक."

चहा झाला, शर्ट झाला. नवा शर्ट घालून बाबा निघाले आणि मी दारात उभी राहिले. बाबांची एक सवय आहे, चार पावलं टाकली की डाव्या खांद्यावर शर्ट वर ओढून घ्यायचा. पूर्वी ते आई करायची, रोज कामावर निघताना, दारात. ती गेल्यापासून ते स्वतःच करतात. गल्लीच्या टोकाला त्यांचा हात खांद्यावर गेला. ओढायला काही नव्हतं. ते थबकले, आणि हात खांद्यावर तसाच ठेवून कोपऱ्याआड गेले.