तिप्पट कोनाचा घोडा

पोरं त्यांना मागून ‘पुढे-काय सर’ म्हणत. गणिताचं एक उत्तर सापडलं की पोरं हुश्श करून पेन ठेवत आणि सर लाल शाईने लिहीत, ‘पुढे काय?’ हेच सर गेली कित्येक वर्षं जेवणाच्या सुट्टीत भौतिकशास्त्राच्या बाईंशेजारी बसत होते, आणि त्यांचं स्वतःचं गाडं ‘आज फार उकडतंय’च्या पुढे सरकलेलं नव्हतं.

आता बाईंची बदली झाली होती. उद्या सकाळी त्या गाव सोडणार होत्या.

“आज विचारलं नाहीस ना, तर जन्मभर माझ्यापुढे रडगाणं गायचं नाही,” ताईने फोनवर बजावलं. मग सरांनी मनाचा हिय्या केला.

बाई दर रविवारी बागेतल्या मेरी-गो-राउंडवर बसायच्या, पोराबाळांच्या गर्दीत, खुशाल, ठरलेल्या करड्या घोड्यावर. त्या खाली उतरल्यावर विचारता आलं असतं. पण सरळ विचारतील तर ते सर कसले! त्यांना धावत्या घोड्यावरच्या बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून विचारायचं होतं. सरांची उंची बेताची. घोडा मधल्या पातळीपेक्षा अर्ध्या उसळीइतका वर आला की जमायचं. एका फेरीत घोडा तीनदा वर-खाली होई. म्हणजे साइन तीन एक्स बरोबर एक छेद दोन, आणि एक्स शून्यापासून तीनशे साठपर्यंत. तीन एक्स आले तीस आणि एकशे पन्नास. तीनने भागून दहा आणि पन्नास अंश. फाटकापासून कोन मोजून सरांनी जमिनीवर खडूने दोन फुल्या मारल्या आणि स्वतःवरच बेहद्द खूश झाले.

पहिली फुली नेमकी तिकिटाच्या रांगेत आली. “बाई, मला तुम्हाला...” एवढं होतंय तोवर कुणाचा तरी फुगा तोंडावर आला आणि घोडा गेला. सर दुसऱ्या फुलीकडे पळाले. तिथे जनरेटर धडधडत होता.

“काय?” बाई ओरडल्या.

“लग्न!”

“कुणाचं?”

घोडा पुढे गेला. सर घाम पुसत पहिल्या फुलीवर परतले. बाईंनी येता येता दोन्ही फुल्या नीट पाहिल्या आणि त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं.

“दोनच जागा, सर?”

“समीकरणाला दोनच उत्तरं आहेत!”

“कोन तिप्पट केलात, मग मर्यादा कुणी तिप्पट करायची?” असं म्हणत बाई वळणाआड गेल्या.

सरांचे कान तापले. तीन एक्स एक हजार ऐंशीपर्यंत न्यायला हवे होते! तीनशे नव्वद, पाचशे दहा, सातशे पन्नास, आठशे सत्तर... तीनने भागून आणखी चार जागा! आदल्याच दिवशी याच चुकीसाठी त्यांनी अर्ध्या वर्गाचे गुण कापले होते, तेही ‘डोळे झाकून सोडवता का रे?’ असं झापून.

ते पलीकडच्या बाजूला धावले. तिथे ना रांग होती, ना जनरेटर. एकशे तीस अंशांवर घोडा आला.

“तुम्ही उद्या जाणार...”

एकशे सत्तर.

“ते मला बघवणार नाही...”

दोनशे पन्नास. सरांना धाप लागली होती.

“माझ्याशी लग्न...”

दोनशे नव्वद.

“कराल?”

घोडा वळणाआड गेला. मग रांगेतल्या फुलीवरून, सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाज आला, “हो!” लगेच जनरेटरच्या वर आवाज चढवून बाईंनी विचारलं, “पुढे काय?”

सर रांगेत उभे राहिले, तिकीट काढलं आणि पुढच्या खेपेला बाईंच्या शेजारच्या घोड्यावर चढून बसले. तो घोडा नेमका उलटा. बाई वर गेल्या की सर खाली आणि सर वर गेले की बाई खाली. मध्ये कुठेतरी दोघं समोरासमोर येत होते. ते कुठे आणि किती वेळा, हे सरांनी या खेपेला मोजलं नाही. दरवेळी नुसतं हसले.