मास्तरांच्या सहीशिवाय

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्याच वर्षी मास्तरांची डावी बाजू गेली. उजवा हात तेवढा शाबूत राहिला. मास्तर छापखान्यात मुद्रितशोधक, म्हणजे छापण्याआधी कागदावरच्या चुका लाल पेन्सिलीने काढणारे. जन्मभर तेच केलं, आणि घरी आल्यावरही तेच. भाजीतलं मीठ, दारातल्या चपला, बायकोचं बोलणं. फरक एवढाच की घरातल्या चुकांना पेन्सिल लागत नसे, हात पुरत असे.

ते अंथरुणाला खिळले आणि त्यांची बायको त्याच छापखान्यात बांधणीला लागली. कागद दुमडायचे, टाचायचे, गठ्ठे बांधायचे. तिथे सगळे तिला वहिनी म्हणत. अक्षरांवर पोट भरणाऱ्या नवऱ्याने तिला एक अक्षर शिकवलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. वहिनी वाचायला शिकली ती पन्नाशी उलटल्यावर, बायकांच्या एका संस्थेच्या वर्गात.

त्या संस्थेने घरातल्या मारहाणीवर पुस्तिका काढायची ठरवली. सोसलेल्या बायकांनी स्वतः लिहायचं, नावं छापायची नाहीत, आणि पुस्तिका दवाखान्यांच्या बाकांवर फुकट ठेवायच्या. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "तुमचंही द्या." वहिनीने लिहिलं. लिहिताना तिला रडू आलं नाही, नुसती झोप येत होती.

मोठ्या मुलाला कळलं तसा तो तडकला. "आई, बाबा पडून आहेत. आता काय उकरून काढतेस? ते गेल्यावर छाप की."

"गेल्यावर? मेल्या म्हशीला मणभर दूध."

"म्हणजे?"

"म्हणजे ते गेले की देवमाणूस होतील. मग तुझ्यासमोरसुद्धा तोंड उघडता यायचं नाही मला. छापायचं तर ते आहेत तोवरच."

पुस्तिका छपाईला आली ती वहिनीच्याच छापखान्यात. तिथला एक रिवाज होता. मास्तरांच्या सहीशिवाय काही मशीनवर चढायचं नाही. आजारपणातही मालकाने तो मोडला नव्हता. आपण अजून कामाचे आहोत, असं म्हाताऱ्याला वाटावं म्हणून. प्रूफं घरी जात, बहुतेक लग्नपत्रिका नाहीतर पावतीपुस्तकं. पुस्तिकेची प्रूफं घरी पाठवू नका, असं वहिनी मालकाला सांगणार होती. पण सांगायचं तर का तेही सांगावं लागलं असतं. ती आज-उद्या करत राहिली. आणि एका संध्याकाळी घरी येऊन बघते तो गठ्ठा मास्तरांच्या मांडीवर. वाचत होते ते तिचंच पान.

ती पलंगाशेजारी बसली.

"हे तू लिहिलंस?"

"हो."

"दारावर डोकं आपटलं, असं लिहिलंयस."

"हो."

"दार नव्हतं. खिडकी होती. मागच्या खोलीची."

वहिनी त्यांच्याकडे बघत राहिली. दर वेळी सकाळी उठून ते एकच सांगत आले होते, रागात होतो, मला काही आठवत नाही. तिने ते खरं मानलं होतं. ज्याला आठवतच नाही त्याच्याशी भांडायचं तरी काय? त्या एका वाक्यावर तिने सगळा संसार रेटला होता.

"तुम्हाला आठवतं?"

मास्तरांनी लाल पेन्सिल उचलली.

"सगळंच आठवतं?"

"पाणी दे."

तिने पाणी दिलं. त्यांनी 'दार' खोडून समासात 'खिडकी' लिहिलं. जन्माची खोड, चूक दिसली की हात थांबत नसे. सही मात्र केली नाही. "हे छापायचं नाही. मालकाला सांग, मी अडवलंय."

"सांगते," ती म्हणाली आणि स्वयंपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी मालकाने पान उलटसुलट करून बघितलं. "सही नाही, वहिनी."

"छापू नका म्हणालेत."

"का बरं?"

"ते त्यांच्याबद्दल आहे म्हणून."

"कोणाबद्दल? आपले मास्तर?"

"तुमचे मास्तर. आमचे हे."

मालकाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला. "छापलं तर घरी काय म्हणतील?"

"म्हणतील ते म्हणोत. उठून तर येणार नाहीत ना? खिडकी तेवढी दुरुस्त करा, आणि चढवा मशीनवर."

मालकाला हसावं की काय ते कळेना. शेवटी सहीच्या जागी त्याने स्वतःची सही ठोकली.

वहिनीने आपलं पान दुमडलं, बाकीच्या पानांसारखंच. मोकळं वाटेल असं बाई म्हणाल्या होत्या. तिचे खांदे तेवढे भरून आले. मोठा मुलगा कितीतरी दिवस बोलला नाही. दवाखान्यातली परिचारिका सांगत आली की बायका पुस्तिका घरी नेत नाहीत, बाकावरच वाचतात आणि परत ठेवून जातात, त्यामुळे पानं फार मळतात. "मग पुन्हा छापू," बाई म्हणाल्या. घरी मास्तरांचं अंग पुसणं, कूस बदलणं चालूच होतं. त्या पानाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तिनेही नाही.

पुस्तिका दुसऱ्यांदा छापली त्या उन्हाळ्यात, मंगळवारी दुपारी, मास्तर वारले.