काट मारलेली गोळी

बोट बटणावर ठेवून तो नुसताच बसून राहिला होता. ते दाबलं की औषधांच्या अ‍ॅपची दुरुस्ती सुटणार आणि संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलच्या सगळ्या पेशंटांच्या फोनवर पोचणार.

शेजारची, अ‍ॅप तपासणारी मुलगी खुर्ची सरकवत आली. ऑफिसात तिला सगळे शंकासूर म्हणत.

"हे तेच ना? खोडलेला मजकूर फोनवर खोडलेला दिसत नाही, ते? मी तेव्हाच सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. आता करतोय ना."

"पण आज कुठून आठवलं? वडील जाऊन आठवडा नाही झाला. घरी थांबायचं."

त्याने बटण दाबलं.

चूक म्हणाल तर चिमूटभर. डॉक्टर आपल्या कॉम्प्युटरवर सूचना लिहीत, काही ठळक करत, आणि बंद केलेल्या औषधावर आडवी काट मारत. ही सजावट खुणांच्या रूपात फोनकडे येई. जी खूण कळणार नाही ती टाकून द्यायची आणि आतले शब्द तेवढे दाखवायचे, अशी सोय यानेच करून ठेवलेली. काटेची खूणही तशीच केरात गेली आणि बंद झालेली गोळी चालू गोळीच्या शेजारी ताठ मानेने उभी राहिली. "शब्द तर आले ना सगळे," म्हणून हा गडी मोकळा! अशा शहाण्यांच्या हातात लोकांचे जीव असतात, काय बोलावं?

वडिलांना औषधं ताई देई. रक्त पातळ करणारी जुनी गोळी बंद करून डॉक्टरांनी नवी दिली होती. ताईने फोनमध्ये बघून दोन्ही दिल्या, रोज, न चुकता. डोक्यात रक्तस्राव होऊन वडील गेले. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर कॉम्प्युटर वळवून दाखवला, तेव्हा जुन्या गोळीवर सरळसोट काट होती. याने ती पाहिली, मग ताईच्या हातातला फोन पाहिला; तिथे काट नव्हती. त्या दिवशी सगळे रडत होते म्हणून तो गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी अंत्यसंस्कार होते. पुढे गप्प राहणं अंगवळणी पडलं. खरं बोललं तर नोकरी जाणार, वर कोर्टकचेरी. दुरुस्ती मात्र करायलाच हवी होती, कारण आणखी किती घरांत त्या गोळ्या चालू असतील याचा हिशेब त्याला झोपू देत नव्हता. ती केल्यावर जुन्या सूचनांतही काट उमटणार, मग ताईच्या फोनवर काय दिसेल, हे त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही.

संध्याकाळी तो घरी पोचला तेव्हा काका समोरच बसले होते.

"काट दिसतच नव्हती म्हणते," काका ताईकडे न बघता म्हणाले. "आण तो फोन. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

इतके दिवस तिचं कुणी ऐकूनच घेतलं नव्हतं. ताई लगबगीने आत गेली आणि फोन घेऊन आली. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर जीव आला होता. तिने अ‍ॅप उघडलं, सूचना वर सरकवल्या आणि थांबली. अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडलं. काकांनी फोन तिच्या हातातून काढून घेतला.

"ही काय, चांगली ठसठशीत काट आहे. डोळे होते की बटणं? बापाचा जीव घेतलास गं."

ताई भावाकडे वळली.

"तू सांग रे. हे तुझंच काम ना? लिहिलेलं असं आपोआप बदलतं का कधी?"

तो मोजे काढत होता. दुसरा मोजा निघेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

"आपोआप नाही बदलत, ताई."

तिने मान हलवली. तिला पटलं होतं.

"मग मीच नीट बघितलं नाही," ती म्हणाली. मग ती आत वळली. "तू सकाळपासून उपाशी असशील. हात धुऊन घे, वाढते."