नसलेलं नाव

वडिलांच्या, श्रीकृष्णरावांच्या खुर्चीत पुष्पा राठोड बसली होती, आणि गौरीला ते पाहवत नव्हतं.

वडिलांना जाऊन महिना झाला होता. दारव्ह्याच्या कापूस सोसायटीचा सर्व्हर त्यांनीच उभा केला आणि शेवटपर्यंत सांभाळला. आता सोसायटीला मोबाइल ॲप हवं होतं. पुण्यात हेच काम करणाऱ्या गौरीने ते मागून घेतलं. निदान एवढ्यापुरता तरी त्यांच्या कामाला आपला हात लागेल, म्हणून. पण ॲप सर्व्हरशी बोलणार वेब सर्व्हिसमधून, आणि ती म्हणजे नुसती खिडकी. नाव आत द्यायचं, उत्तर घ्यायचं. शोधाशोध करणारे प्रोग्राम आत, सर्व्हरवर. आणि त्यांतली ओळ न् ओळ वडिलांनी हाताखालच्या पुष्पाला समजावली होती. लेकीला फोनवर विचारायचे ते जेवलीस का, एवढंच.

पुष्पाने स्वतःचं नाव टाकून सर्व्हिसला विचारून दाखवलं. लगेच उत्तर आलं: गाव, सभासद क्रमांक, कापूस आणायची तारीख. "आमच्या तांड्यावरची पहिली नोंद सरांनी माझीच केलती," ती हसून म्हणाली.

गौरीने कीबोर्ड ओढून घेतला आणि वडिलांच्या नावासकट स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. आपण सभासद नाही हे तिला ठाऊक होतं. तरी तिने लिहिलं.

'या नावाची नोंद सापडली नाही.'

"बरोबर आहे," ती म्हणाली. "इथं सगळीकडे तूच."

पुष्पाचं हसू मावळलं. ती म्हणाली, "ताई, सर रोज सकाळी आल्याबरोबर तुमचंच नाव टाकत. नेहमीच्या नावाचं उत्तर साठवलेलं असते, ते खिडकीवरूनच येते. नसलेलं नाव टाकलं का आतल्याले सगळं धुंडाळावंच लागते. असं 'सापडली नाही' आलं, का सर्व्हर ठीक समजत."

"कुठलंही नाव चाललं असतं."

"मी म्हटलं होतं, माझं टाका. तर म्हणे, तू तर इथंच आहेस." पुष्पा स्क्रीनकडे पाहत राहिली. "मले राग यायचा तुमचा."

गौरीने तेच नाव पुन्हा पाठवलं. तेच उत्तर आलं. पुष्पा तिला खुर्ची द्यायला उठू लागली.

मत्सर अजून पुरता गेला नव्हता. पण गौरीने भिंतीकडचं स्टूल ओढलं.

"बस तू," ती म्हणाली. "आतलं दाखव मला."