आठ स्क्रीनशॉट

"पुन्हा लाल," असं म्हणून तिनं कॉम्प्युटरचा स्क्रीन दादाकडे वळवला. ॲप स्टोअरवर आठ चित्रं चढवली होती आणि आठांच्याही खाली लाल अक्षरांत एकच तक्रार होती, की मापं जुळत नाहीत.

"अगं ताई, काल तर मी मोठी करून दिली होती," दादा म्हणाला.

दादा म्हणजे तिचा सख्खा, चुलत, मावस असा कुठलाच भाऊ नव्हे. तो कंपनीचा मालक होता आणि तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता. इथे आपण सगळे एक कुटुंब आहोत, असं त्यानं पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं होतं, आणि तेव्हापासून अकराच्या अकरा माणसं त्याला दादा म्हणत होती. तिला तो ताई म्हणायचा. खरं तर तिला ताई म्हणायचा हक्क जगात एकाच माणसाला होता आणि तो माणूस, तिचा धाकटा भाऊ, आत्ता सात तासांच्या अंतरावर एका इस्पितळात बाबांच्या उशाशी बसला होता.

चित्रं लाल का झाली हे तिला काल संध्याकाळीच ठाऊक होतं. ॲप नवीन होतं, घरातल्या कुंड्यांना पाणी घालायची आठवण करून देणारं. कोरफड, जास्वंद, मनीप्लँट अशी यादी, आणि वेळ झाली की मनीप्लँटला तहान लागली आहे असं खाली लिहून यायचं. असं ॲप स्टोअरवर ठेवायचं तर आतून ते कसं दिसतं त्याचे स्क्रीनशॉट द्यावे लागतात, आणि त्यांचं माप ठरलेलं असतं. मोठ्या फोनसाठी रुंदी बाराशे नव्वद ठिपके आणि उंची दोन हजार सातशे शहाण्णव. एक ठिपका कमी नाही की जास्त नाही. एवढ्या मोठ्या स्क्रीनचा फोन अख्ख्या ऑफिसात एकच होता, आणि तो तिचा स्वतःचा होता. कंपनीनं तसा फोन घ्यावा असं ती तीन वेळा म्हणाली होती. तिन्ही वेळा दादा म्हणाला होता, "तुझा आहे ना, मग झालं की."

काल तिनं फोनवरून आठही स्क्रीनशॉट व्यवस्थित काढले होते. ते पाहायला म्हणून दादानं चॅटवर मागवले आणि तिथूनच उतरवून स्टोअरवर चढवले. चॅटवर पाठवलेला फोटो वाटेतच आकसतो, हे तिनं या ऑफिसात किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नव्हती. बाराशे नव्वदचे सातशे अडतीस झाले. मग दादानं ते कडेला धरून ताणले, अंदाजपंचे. अक्षरं फुगली, कोरफड कोबीसारखी दिसायला लागली, आणि माप तरीही चुकलंच. मूळ स्क्रीनशॉट तिच्याकडे होते, पण संध्याकाळी त्याला यादीचा रंगही बदलावासा वाटला. म्हणजे सगळं नव्यानं काढणं आलं. बाराच्या आत ॲप स्टोअरकडे पाठवतो असं त्यानं पैसे लावणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवलं होतं, आणि आता सव्वाअकरा वाजत आले होते.

दुसरा कुठला दिवस असता तर ती दोन शब्द सुनावून कामाला लागली असती. आज तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

बाबांच्या घशात गाठ होती आणि त्या गाठीपायी अख्खं स्वरयंत्रच काढून टाकायचं ठरलं होतं. जीव वाचेल, पण आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशन परवा होतं. आज रात्रीच्या गाडीचं तिकीट तिच्या पर्समध्ये होतं आणि उद्यापासून रजा मंजूर होती. उद्याचा अख्खा दिवस बाबांशी बोलायचं, ते बोलतील ते ऐकायचं, एवढाच बेत होता. सकाळी नऊला धाकट्याचा फोन आला, की डॉक्टरांची आजची वेळ मोकळी झाली आहे, गाठ वाढते आहे, थांबू नये म्हणतात. बारा वाजता आत नेणार. ती कशीही निघाली असती तरी पोचली नसती. शेवटची तपासणी साडेअकरापर्यंत चालेल, मग बाबा स्वतः फोन करतील, असं धाकटा म्हणाला. त्यांनीच सांगितलं होतं, "तिला म्हणावं, मधे तू करू नकोस, मी करतो."

बाबांनी एकतीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांची घोषणा केली होती. एका खोलीएवढ्या काचेच्या पेटीत बसून, समोर मायक्रोफोन घेऊन. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली आहे ते सांगायचं काम. माणसं त्यांना तोंडावरून ओळखायची नाहीत. दुकानात ते साबण मागायचे आणि पलीकडचं गिऱ्हाईक चमकून वळून बघायचं. घरी त्यांचा आवाज चढला की शेजारी कान टवकारायचे. लहानपणी तिला त्या आवाजाची लाज वाटायची, आणि आज सकाळपासून तो आवाज डोक्यातून हलत नव्हता.

हे सगळं तिनं सकाळीच दादाला सांगितलं होतं. अगदी सगळं नाही. बाबांचं ऑपरेशन आज आहे, त्यांचा फोन येणार आहे, एवढं. तो म्हणाला होता, "काळजी करू नकोस ताई, आम्ही सगळे आहोत ना तुझ्याबरोबर." आता तोच माणूस हात पुढे करून उभा होता.

"फोन दे. नवीन ॲप त्यात टाकून घेतो आणि शॉट मीच काढतो पटापट. तू तोवर चित्रांवर टाकायच्या ओळी लिहून ठेव. दहा मिनिटांत आणून देतो."

"साडेअकराला मला फोन हातात पाहिजे," ती म्हणाली. "बाबांचा कॉल येणार आहे. आला तर तसाच आणून द्या."

"अगं हो."

तिनं दिला. पुढे कित्येक दिवस ती या एका क्षणापाशी येऊन अडत राहिली. कुणी हिसकावून घेतला नव्हता, तिनं स्वतःच्या हातानं दिला होता.

साडेअकराला पाच मिनिटं असताना ती उठून मीटिंगच्या खोलीपाशी गेली. काचेच्या दारातून दादा दिसला, शेजारी ॲप बनवणारा पोरगेलासा इंजिनिअर, आणि दादाच्या हातात तिचा फोन. त्यानं काचेतूनच पाच बोटं दाखवली. ती परत येऊन बसली. 'तुमच्या बागेचा सोबती' अशी ओळ लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. साडेअकरा होऊन पाच-सात मिनिटं झाली तेव्हा ती पुन्हा उठली. फोन त्याच्याच हातात होता, गप्प होता, आणि गप्प आहे म्हणजे कॉल आलेला नाही, असा सरळ हिशोब तिनं केला. आला असता तर दिला नसता का त्यानं? ऑफिसच्या फोनवरून आपणच करावा असंही मनात आलं. पण डॉक्टर समोर असतील, बाबा चिडतील, ते करतो म्हणालेत ना, असं म्हणून तिनं स्वतःला आवरलं.

अकरा बावन्नला दादा आला, फोन तिच्या टेबलावर ठेवला आणि कॉम्प्युटरच्या वायरला स्वतःच जोडला. "बघ, या वेळी चॅट नाही, वायर. माप एकदम करेक्ट. वरची पट्टी तेवढी साफ कर आणि चढव. आठ मिनिटं आहेत." आणि गेला.

वरची पट्टी साफ करणं हा या धंद्यातला रिवाज. स्क्रीनशॉटच्या अगदी माथ्यावर घड्याळ, रेंज, बॅटरी असलं सगळं येतं. आठ चित्रांत आठ वेगळ्या वेळा आणि अर्धीमुर्धी बॅटरी दिसली की गबाळं वाटतं. म्हणून सगळीकडे एकच वेळ आणि भरलेली बॅटरी असलेली तयार पट्टी चिकटवायची. ती हे काम झोपेतसुद्धा करू शकली असती. तिनं पहिलं चित्र उघडलं, माथा मोठा केला. वेळ अकरा एकोणतीस. रेंजच्या दांड्या ठीक. दुसरं उघडलं. अकरा तेहेतीस, आणि दांड्यांच्या जागी एक एवढंसं विमान.

तिनं तिसरं उघडलं. अकरा छत्तीस, विमान. चौथं, अकरा एकोणचाळीस, विमान. आठव्यापर्यंत विमान होतं, अकरा अठ्ठेचाळीसपर्यंत. तिनं फोन उचलला. तो अजूनही विमान मोडवरच होता.

तो काढल्यावर रेंज यायला बराच वेळ लागला, किंवा तिला तसं वाटलं. मग एकापाठोपाठ एक तीन मेसेज येऊन पडले, या नंबरवरून तुम्हाला कॉल आला होता. अकरा चौतीस. अकरा एक्केचाळीस. अकरा सत्तेचाळीस. आणि कॉलच्या यादीत त्याआधीचा एक, अकरा एकतीसचा. तो आला होता. तो कापलेला होता.

तिनं बाबांचा नंबर लावला. धाकट्यानं उचलला.

"ताई, आत्ता नेलं गं," तो म्हणाला. "पाच मिनिटंसुद्धा झाली नाहीत. कुठे होतीस तू?"

उत्तराची वाट न बघता तोच सांगत राहिला. बाबांनी चार वेळा लावला. पहिला कुणीतरी कापला म्हणून हसले, कामात असेल म्हणाले. मग लागेचना. धाकटा म्हणाला, मी रेकॉर्ड करतो, तिच्यासाठी बोलून ठेवा. तर नाही म्हणाले. "एकतीस वर्षं मशीनसमोर बोललो, कुणी ओ दिली नाही. आज माणसाशी बोलायचंय." मला तरी सांगा म्हटलं, तर म्हणाले, तिचं ते तुला सांगून काय उपयोग. स्ट्रेचरवर झोपवल्यावरसुद्धा फोन हातात धरला होता. नर्सनं काढून घेतला.

तिनं फोन ठेवला आणि मीटिंगच्या खोलीचं दार न वाजवता उघडलं.

"विमान मोड कुणी टाकला?"

"मी. का?" दादानं लॅपटॉपवरून मान वर केली. "अगं, मध्येच कॉल आला. शॉटमध्ये ते नाव यायला लागलं वर. सगळं पिक्चर खराब."

"काय नाव होतं?"

तो इंजिनिअरकडे बघायला लागला. इंजिनिअर टेबलाकडे.

"नाव काय होतं?"

"बाबा असं काहीतरी दिसलं," दादा म्हणाला. "म्हटलं नंतर करतीलच. दोन मिनिटांचा तर प्रश्न होता. सॉरी, पण एवढं काय—"

"त्यांचा आवाज काढून टाकतायत आत्ता," ती म्हणाली. "घसा कापून. उद्यापासून ते बोलणार नाहीत. कधीच बोलणार नाहीत. तुम्ही नाव वाचलंत आणि कापलात."

तिचा स्वतःचा आवाज चढला होता. बाहेरच्या टेबलांवर माणसं उठून उभी राहिली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या घशात बापाचा आवाज आहे असं जाणवलं, आणि तो थांबवावा असं मुळीच वाटलं नाही. कोबीसारख्या कोरफडीसाठी, मनीप्लँटच्या तहानेसाठी, असं ती काय काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही.

दादा पांढराफटक पडला होता. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. तो काही दुष्ट माणूस नव्हता, आणि याचाच तिला जास्त संताप आला. "ताई, तू जा," तो म्हणाला. "आत्ता निघ. आजची रजा टाकूच नकोस. फक्त ती पट्टी... दोन मिनिटांत होत असेल तर..."

"मला ताई म्हणू नका," ती म्हणाली. टेबलाशी येऊन तिनं फोनची वायर काढली, पर्स घेतली आणि निघाली. चित्रं जशी होती तशी उघडी राहिली. ती कुणीतरी बाराच्या आत चढवली, विमानांसकट. स्टोअरनं फक्त माप पाहिलं. माप बरोबर होतं.

बाबा शुद्धीवर आले, पण दोन दिवस अतिदक्षता विभागात होते. तिसऱ्या दिवशी त्यांना वॉर्डात आणलं. गळ्याच्या खाली श्वासासाठी केलेलं भोक, त्यावर पातळ जाळीचं कापड, नाकातून अन्नाची नळी. बाजूला कागदाचं पॅड आणि पेन्सिल ठेवली होती. ती स्टुलावर बसली तेव्हा त्यांनी पॅड ओढून लिहिलं, 'काम झालं का?'

"झालं," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली आणि खाली लिहिलं, 'मग ठीक.'

गेले तीन दिवस तिनं या भेटीची तालीम केली होती. बाबा तोंड फिरवतील, भिंतीकडे बघतील, पॅडवर काहीतरी लागणारं लिहितील, आणि ते सगळं आपण मुकाट्यानं घेऊ, अशी. 'मग ठीक'ची तिनं तयारीच केली नव्हती. मुलीच्या कामाचा त्यांना मान होता. ते काम काय होतं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि सांगायला तिची जीभ रेटेना.

"काही ठीक नाही बाबा," ती म्हणाली. पलीकडच्या खाटेशी बसलेल्या बाईनं वळून पाहिलं. "फोन मी दुसऱ्याच्या हातात दिला होता. चार वेळा केलात तुम्ही. रागवा ना माझ्यावर. ओरडा."

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. उशीवरून पाठ उचलली, हनुवटी वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं. ओठ हलले, तिच्या नावाच्या आकाराचे. सगळी हवा गळ्याखालच्या भोकातून फुस्सकन बाहेर आली आणि जाळीचं कापड उडून बाजूला झालं.

त्यांनी तोंड मिटलं. ती उठली, कापड सरळ केलं, त्याची नाडी मानेमागे पुन्हा बांधली. मग पॅड उचलून त्यांच्यापुढे धरलं आणि धरून राहिली. त्यांनी पेन्सिल घेतली नाही.